हवेच्या दाबावर पाणी : कोठे घ्यावे, कोठे घेऊ नये

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील धान व भाजीपाला उत्पादक शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या भागात पाऊस कमी पडतो असे कोणी म्हणणार नाही. १२०० ते १५०० मिलिमीटर पाऊस झेलणारा हा मुलूख आहे. गोंड राजांच्या काळापासून बांधलेले तलाव आहेत, बोड्या आहेत, वैनगंगा आहे, इंद्रावती आहे. तरीसुद्धा दरवर्षी दोन वेळा आपला जीव टांगणीला लागतो. पहिली वेळ म्हणजे पऱ्हे टाकल्यावर पाऊस दडी मारतो तेव्हा. दुसरी वेळ म्हणजे धान पोटरीवर येतो आणि परतीचा पाऊस येत नाही तेव्हा. त्या आठ-पंधरा दिवसांत बांधीजवळ पाणी असते, पण ते खाली असते. नाल्याच्या डोहात असते, विहिरीच्या तळाशी असते, बोअरमध्ये शंभर फुटांवर असते. ते वर कसे आणायचे, हाच प्रश्न असतो.

त्याचे एक उत्तर म्हणून अलीकडे बरेच शेतकरी कॉम्प्रेसर पंपाबद्दल विचारतात. 'मोटर जळत नाही म्हणतात, खरे काय? वाकड्या बोअरमध्ये चालतो काय? नाल्यावर वीज नाही, तिथे हवेने पाणी चढेल काय?' दुकानदार सर्व प्रश्नांना 'हो' म्हणतो. मी तसे म्हणणार नाही. काही ठिकाणी ही पद्धत फार कामाची आहे आणि काही ठिकाणी ती घेणे म्हणजे पैसा पाण्यात टाकणे आहे. दोन्हीतला फरक हिशोबाने कसा ओळखायचा, तेवढेच आज सांगणार आहे.

बोअरच्या गाडीने दाखवलेले पाणी

हवेने पाणी वर येते, हे तुम्हा सर्वांनी पाहिलेले आहे. गावात बोअरची गाडी येते. गाडीवरचा मोठा कॉम्प्रेसर धडधडतो, हातोडा खडक फोडत खाली जातो आणि पाणी लागले की बोअरच्या तोंडातून फवारा उडतो. पोरे नाचतात, घरमालक नारळ फोडतो. १९६६-६७ च्या दुष्काळानंतर युनिसेफने हवेच्या दाबावर चालणारी अशी यंत्रे भारतात आणली आणि आपल्या कठीण खडकात कूपनलिका सुरू झाल्या. म्हणजे ज्या हवेने बोअर पाडली, त्याच हवेने पाणी काढण्याची ही गोष्ट आहे.

पण हा फवारा पाहून एक मोठी चूक होते. गाडीचा कॉम्प्रेसर मिनिटाला शेकडो घनफूट हवा फेकतो. त्या जोराने बोअरमध्ये आणि भोवतालच्या भेगांत साठलेले पाणी एकदम उसळते. गाडीवाला म्हणतो, 'दोन इंच पाणी लागले.' आपण त्या दोन इंचांवर विश्वास ठेवून ५ अश्वशक्तीची सबमर्सिबल मोटर आणतो. पंधरा दिवसांनी बोअर तासाभरात उपसते, मोटर कोरडी फिरते आणि जळते. मग वाइंडिंग, पुन्हा वाइंडिंग. नागभीडकडच्या एका शेतकऱ्याने मला एकाच बोअरवर तीन वेळा जळालेल्या मोटरीचा हिशोब दाखवला होता. तेवढ्या पैशात त्याच्या मुलीचे वर्षाचे शिक्षण झाले असते. दोष मोटरीचा नव्हता. बोअर किती पाणी देऊ शकते, हे कोणी मोजलेच नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट. कोणताही पंप घेण्यापूर्वी बोअर किमान चार तास सलग उपसा आणि चौथ्या तासाला पाणी मोजा. त्यासाठी यंत्र लागत नाही. २०० लिटरचा ड्रम आणि हातातले घड्याळ पुरे. ड्रम भरायला तीन मिनिटे लागली तर तासाला ४,००० लिटर, सहा मिनिटे लागली तर २,००० लिटर. हाच बोअरचा खरा आवाका. त्याच वेळी दोरीला वजन बांधून पाणी किती फुटांवर गेले तेही मोजा. हे मोजमाप एप्रिल-मे महिन्यात केले तर उत्तम, कारण पावसाळ्यातला आकडा फसवा असतो.

हवा पाणी कसे उचलते

साधा सेंट्रिफ्युगल पंप पाणी ओढतो म्हणजे प्रत्यक्षात बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला नळीत वर ढकलतो. हा दाब सुमारे १० मीटर पाण्याच्या उंचीएवढा असतो आणि व्यवहारात ६ ते ७ मीटरच्या वर, म्हणजे वीस-बावीस फुटांच्या वर, पंप पाणी ओढू शकत नाही. म्हणून विहिरीत मोटर खाली-खाली उतरवावी लागते.

हवेच्या दाबाने पाणी काढण्याच्या दोन पद्धती आहेत. दोन्हीत कॉम्प्रेसर वर, जमिनीवर राहतो. खाली फक्त नळ्या जातात.

पहिली पद्धत एअरलिफ्ट. बोअरमध्ये पाण्याची एक नळी सोडतात आणि तिच्या बुडाशी बारीक नळीने हवा सोडतात. पाण्यात बुडबुडे मिसळले की ते मिश्रण साध्या पाण्यापेक्षा हलके होते. बाहेरचे जड पाणी आतल्या हलक्या मिश्रणाला वर रेटते. खाली व्हॉल्व्ह नाही, पंखा नाही, बेअरिंग नाही. जर्मनीतील फ्रायबर्ग या खाणींच्या गावी कार्ल लोशर यांनी १७९७ च्या सुमारास ही युक्ती शोधली असे मानतात.

दुसरी पद्धत विस्थापनाची. सोप्या भाषेत 'टाकी भरा, दाबा, रिकामी करा.' एक मजबूत बंद टाकी पाण्यात बुडवून ठेवतात. तिच्या तळाच्या झडपेतून पाणी आत येते. टाकी भरली की वरून दाबाची हवा सोडतात. तळाची झडप आपोआप मिटते आणि पाणी दुसऱ्या नळीने वर चढते. टाकी रिकामी झाली की आतली हवा बाहेर सोडायची, म्हणजे पुन्हा पाणी भरते. हे चक्र चालू राहावे म्हणून स्वयंचलित व्हॉल्व्ह लागतात. त्याविषयी पुढे येईल.

एअरलिफ्टचा पहिला नियम : साठ-चाळीस

एअरलिफ्ट नीट चालायची असेल तर हवेची नळी पाण्यात पुरेशी बुडालेली पाहिजे. नियम असा की हवेच्या नळीच्या एकूण खोलीपैकी सुमारे ६० टक्के भाग, उपसा चालू असतानाच्या पाणीपातळीखाली असावा आणि पाणी उचलण्याची उंची ४० टक्क्यांपर्यंत असावी.

उदाहरण घेऊ. बोअर २०० फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर. हवेची नळी बुडापर्यंत. उपसा चालू असताना पाणी ८० फुटांवर, म्हणजे २४ मीटरवर थांबते. नळी पाण्याखाली ३६ मीटर आहे. ६० पैकी ३६, म्हणजे बरोबर ६० टक्के. ही बोअर एअरलिफ्टला योग्य. १० मीटर पाण्याला सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब लागतो, म्हणून येथे चालू दाब ३.६ किलो. मात्र सुरुवातीला बोअर भरलेली असते. पाणी ३० फुटांवर, म्हणजे ९ मीटरवर असेल तर नळी ५१ मीटर बुडालेली असते आणि सुरू करायला ५ किलोच्या वर दाब लागतो. कॉम्प्रेसर घेताना चालू दाब नव्हे, सुरुवातीचा दाब पाहावा. येथेच पुष्कळांची फसगत होते.

आता दुसरी बोअर पाहा. खोली तेवढीच, पण पाणी १५० फुटांवर जाते. पाण्याखाली जेमतेम ५० फूट उरतात, म्हणजे २५ टक्के. येथे हवा नुसतीच फुर्र करून वर येईल, पाणी धापा टाकत येईल. आणि आपली बारा मीटरची विहीर, जिच्यात उन्हाळ्यात तीन मीटर पाणी राहते, तिच्यातही एअरलिफ्टचा उपयोग नाही. विहीर, बोडी, नाला यांच्यासाठी दुसरी पद्धत.

नळ्या बसवताना एवढे पाहावे. पाण्याची नळी हवेच्या तोंडाच्या खाली एक-दोन फूट जास्त असावी, नाहीतर हवा बाहेरून निसटते. हवेच्या नळीच्या टोकाला एका मोठ्या भोकाऐवजी बारीक भोके असावीत. बुडबुडे जितके बारीक तितके काम चांगले. नळीचे तोंड बोअरच्या गाळात रुतू देऊ नये. बुडापासून आठ-दहा फूट वर ठेवावे.

पाणी किती मिळेल? आधी हिशोब, मग खरेदी

वरच्या पहिल्या बोअरमध्ये एक लिटर पाणी वर आणायला लहान संचात साधारण ४ लिटर मोकळी हवा लागते असे धरून चालावे. ३ अश्वशक्तीच्या कॉम्प्रेसरमधून मिनिटाला प्रत्यक्ष २४० लिटर हवा मिळाली तर पाणी मिनिटाला ६० लिटर, तासाला ३,६०० लिटर. तेवढ्याच विजेत चांगली सबमर्सिबल दुप्पट-तिप्पट पाणी देते. हे लपवण्यात अर्थ नाही. हवा दाबताना ती तापते आणि ती ऊष्णता वाया जाते, बुडबुडे पाण्यातून निसटतात, म्हणून ही पद्धत विजेच्या दृष्टीने महागच आहे.

आता हे ३,६०० लिटर आपल्या पिकावर मांडू.

धानाच्या एक एकर बांधीला ५ सेंटिमीटरचे एक पाणी द्यायचे तर सुमारे २ लाख लिटर लागते. तासाला ३,६०० लिटरने छप्पन तास. रोज आठ तास वीज धरली तर एका एकराला सात दिवस. तोवर पहिल्या बांधीला पुन्हा भेगा पडतील. पोटरीवरचा धान या पंपाने वाचणार नाही. जो वाचेल म्हणतो त्याच्याकडून लिहून घ्यावे.

पण पऱ्ह्यांचे पाहा. एक एकर रोवणीसाठी साधारण ४ गुंठे पऱ्हे. त्यांना अडीच सेंटिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. तीन तासांच्या आत काम झाले. पाऊस दहा दिवस लांबला तरी तीन-चार वेळा पाणी देऊन पऱ्हे जिवंत राहतात आणि रोवणी चुकत नाही. अर्धा एकर भाजीपाला ठिबकवर असेल तर दिवसाला ४ मिलिमीटरच्या हिशोबाने ८ हजार लिटर, म्हणजे सव्वादोन तास. वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपे, परसातली केळी, जनावरांचे पाणी, या सर्वांना हा पंप पुरतो.

थोडक्यात, धानाला नाही, पऱ्ह्यांना आणि भाजीला होय. धानाच्या संरक्षित ओलितासाठी तलाव आणि बोडीच खरी. तलावाची पाळ, सांडवा आणि नहर दुरुस्त ठेवणे याला कोणताही कॉम्प्रेसर पर्याय नाही.

मग एअरलिफ्ट कोणाला परवडेल?

जी बोअर सरळ आहे, स्वच्छ आहे आणि पुरेसे पाणी देते, तिच्यात मोजून घेतलेली सबमर्सिबलच बसवा. एअरलिफ्ट पुढील चार प्रसंगी विचारात घ्यावी.

एक, बोअर वाकडी आहे किंवा वरचा भाग आवळला आहे आणि मोटर खाली उतरत नाही. नळ्या मात्र उतरतात.

दोन, पाण्याबरोबर वाळू येते. चंद्रपूर भागातील वालुकाश्मात हा त्रास पुष्कळ आहे. वाळूने सबमर्सिबलचे पंखे झिजतात. एअरलिफ्टमध्ये झिजायला खाली काही नसतेच.

तीन, झरा मंद आहे. गडचिरोलीकडच्या ग्रॅनाइट आणि नाइस खडकात भेगा लागल्या तर पाणी, नाही लागल्या तर नाही, असा प्रकार आहे. मंद बोअर उपसली की सबमर्सिबल जळते. एअरलिफ्टमध्ये पाणी संपले तर नुसती हवा येते, काहीही जळत नाही. टायमर लावून वीस मिनिटे चालू, चाळीस मिनिटे बंद असे चक्र ठेवले तर बोअर मध्ये भरून घेते आणि दिवसभरात टाकी भरते.

चार, जुनी बोअर गाळाने भरली आहे. येथे पंप विकत घ्यायचीही गरज नाही. गाडी बोलावून हवेने बोअर धुऊन घ्यावी. पुष्कळदा 'आटलेली' बोअर ही गाळाने बुजलेली बोअर असते. नवीन बोअर मारण्यापूर्वी हा स्वस्त उपाय एकदा करून पाहावा.

नाल्याच्या डोहावर : टाकी आणि स्वयंचलित व्हॉल्व्ह

आता जंगलकाठच्या बांधवांसाठी. नाला बांधीपासून तीनशे मीटरवर, डोहात फेब्रुवारीपर्यंत पाणी, पण विजेचा खांब घराजवळ. नाल्यापर्यंत केबल ओढायची तर खर्च आहे, चोरी आहे आणि उघड्या तारेने माणूस, जनावर, वन्यप्राणी कोणीही मरू शकतो. येथे कॉम्प्रेसर घरी ठेवून फक्त हवेची नळी डोहापर्यंत नेता येते. हवेच्या नळीचा शॉक लागत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण.

या पद्धतीचा हिशोब तोंडी करता येतो. पाणी जितके मीटर चढवायचे त्याला दहाने भागा आणि त्यात एक मिळवा. तेवढे लिटर हवा एका लिटर पाण्याला लागते. चढ १० मीटर आणि नळीतील घर्षणाचे २ मीटर, एकूण १२ मीटर. १२ भागिले १० म्हणजे १.२, अधिक १, म्हणजे २.२ लिटर. गळती धरून ३ लिटर समजा. मिनिटाला २४० लिटर हवा असेल तर मिनिटाला ८० लिटर, तासाला ४,८०० लिटर पाणी. मात्र चढ ४० मीटर असेल तर नुसत्या गणितानेच ५ लिटर हवा लागते आणि दर खेपेला ती दाबाची हवा फुकट बाहेर सोडावी लागते. म्हणून १५ मीटरपर्यंतच्या चढालाच ही पद्धत ठीक.

व्हॉल्व्ह तीन. पहिला टाकीच्या तळाचा, पाणी आत घेणारा. दुसरा पाण्याच्या नळीवरचा, चढलेले पाणी परत येऊ न देणारा. हे दोन्ही नेहमीचे फूट व्हॉल्व्ह आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहेत, ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात व मिटतात. तिसरा महत्त्वाचा, हवेचा. तो एकदा हवा आत सोडतो आणि एकदा बाहेर सोडतो. त्याला चालवणारा एक तर टाकीतला तरंगा असतो, नाहीतर वर बसवलेला टायमर.

तरंग्याच्या व्हॉल्व्हमध्ये एक गोम आहे. तरंगा हळूहळू वर-खाली होतो. व्हॉल्व्हही त्याच्याबरोबर हळूहळू फिरला तर तो मध्येच अर्धवट उघडा राहतो, एका बाजूने हवा येते, दुसऱ्या बाजूने जाते आणि पंप जागच्या जागी थांबतो. म्हणून व्हॉल्व्ह विजेच्या बटणासारखा 'खट्' करून पलटी खाणारा पाहिजे. त्यासाठी स्प्रिंग किंवा वजनाची खटकी लावतात. घेताना हाताने फिरवून पाहावा. मध्ये कुठेही स्थिर राहत असेल तर घेऊ नये. गढूळ पाण्यात तरंगा अडकतो, म्हणून नाल्यावर टायमरचा व्हॉल्व्ह जास्त भरवशाचा. टाकी भरायला किती सेकंद आणि रिकामी व्हायला किती सेकंद हे पाहून वेळ लावायची. दोन टाक्या जोडीने ठेवल्या तर एक भरते तेव्हा दुसरी पाणी देते आणि धार अखंड राहते.

रात्रीची पाळी आणि वाघाची भीती

स्वयंचलित व्हॉल्व्हचा विचार मी पाण्यापेक्षा दुसऱ्याच कारणाने करतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या भागात राहणाऱ्यांना ते सांगायला नको. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पुष्कळ ठिकाणी पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन एकटा शेतावर जातो, मोटर सुरू करतो, बांधीवर वाकून पाट फोडतो. वाकलेला माणूस आणि अंधार, यातून काय होते हे आपण दरवर्षी पाहतो. एका पाण्यासाठी घरचा कर्ता माणूस जाऊ नये.

ज्याचा संच घराशी आहे, ज्याच्या शेतात टाकी आहे आणि टाकीवर तरंग्याचा व्हॉल्व्ह आहे, त्याला रात्री जाण्याचे कारण उरत नाही. रात्री वीज आली, टाकी भरली, तरंगा वर आला, संच बंद झाला. सकाळी उजेडात पाट फोडावा. हा फायदा सबमर्सिबललाही तसाच मिळतो. कोणताही पंप असो, शेतात साठवण टाकी किंवा अस्तर लावलेले छोटे शेततळे आणि तरंगा एवढे करावे.

एक खबरदारी. वीज आल्याबरोबर सगळ्या गावाच्या मोटरी ऑटो स्विचने एकाच क्षणी सुरू झाल्या की रोहित्र जळते आणि मग पंधरा दिवस सर्वांचीच वीज जाते. साधा ऑटो स्विच लावू नये. शेजाऱ्यांनी आपसात बोलून पाच, दहा, पंधरा मिनिटे असा वेगवेगळा विलंब असलेला टायमर बसवावा, सोबत कॅपॅसिटर लावावा. कॉम्प्रेसरवर दाब असताना मोटर सुरू होऊ नये म्हणून अनलोडर असावा. स्वयंचलित संचाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच काढणे विसरू नये. बंद दिसणारी मोटर केव्हाही सुरू होऊ शकते.

जेथे सौर कृषी वाहिनी किंवा सौर पंप झाला, तेथे दिवसा पाणी मिळते आणि हा प्रश्न मुळातून सुटतो. शासनाच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के आहे. कॉम्प्रेसरला पैसे घालण्यापूर्वी याची चौकशी अवश्य करावी.

दाबाच्या हवेशी खेळ नको

दाबलेले पाणी आणि दाबलेली हवा यात फार फरक आहे. पाण्याची नळी फुटली तर कपडे भिजतात. हवेची टाकी फुटली तर माणूस मरतो. तेलाचा २०० लिटरचा ड्रम घ्या. त्याच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस सेंटिमीटर. त्यात फक्त २ किलो दाब भरला तरी झाकणावर ५,००० किलो, म्हणजे ५ टन जोर येतो. म्हणून ड्रमची टाकी कधीही करू नये. जुने गॅस सिलिंडर कापून टाकी करणे तर त्याहून वाईट. टाकी जाड पत्र्याची, जाणत्या कारागिराने जोडलेली असावी आणि ती वापरण्यापूर्वी पाणी भरून चालू दाबाच्या दीडपट दाबावर तपासलेली असावी. हवा भरून तपासू नये.

पीव्हीसी पाइप हवेसाठी वापरू नये. तो पाण्याला चांगला, पण हवेच्या दाबाने फुटला तर काचेसारखे तुकडे उडतात. योग्य दाबाचा एचडीपीई, रबरी होज किंवा लोखंडी नळी वापरावी. सेफ्टी व्हॉल्व्ह आठवड्यातून एकदा ओढून पाहावा. हवेच्या टाकीतले साचलेले पाणी रोज सोडावे. पट्ट्यावर जाळी असावी.

कॉम्प्रेसर वर राहतो, हा विहिरीच्या बाबतीतही मोठा फायदा आहे. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवल्याने तिच्या धुरात माणसे गुदमरून मेल्याच्या घटना होतात आणि एकाला काढायला दुसरा उतरतो. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू दिवा विझवत नाही. त्यामुळे दिवा जळतो म्हणून हवा चांगली, असे समजू नये. इंजिन खाली उतरवूच नये.

पाण्याची जात

गडचिरोलीच्या काही गावांत बोअरचे पाणी ठेवले की तांबूस होते. त्यात लोह असते. एअरलिफ्टमध्ये हवा मिसळल्याने हे लोह लवकर गंजासारखे खाली बसते. पाणी टाकीत रात्रभर निवळू दिले तर हा फायदाच आहे. पण ते तसेच ठिबकमध्ये सोडले तर तोट्या बुजतात. वाळूचा फिल्टर आवश्यक. कोरपना, राजुरा भागात चुनखडकाच्या पाण्यात नळ्यांवर क्षार जमतो. हवेने तो अधिक लवकर जमतो, म्हणून पाण्याची नळी वर्षातून एकदा काढून साफ करावी. चंद्रपूर जिल्ह्यातील ज्या गावांत फ्लोराइड आहे तेथे हवा मिसळल्याने फ्लोराइड जात नाही, हे ध्यानात ठेवावे. कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर तेलाचा अंश येऊ शकतो, म्हणून हे पाणी पिण्यासाठी वापरू नये.

काही प्रश्न

व्याख्यानानंतर शेतकऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी तीन येथे देत आहोत.

प्रश्न : माझी बोअर ३०० फूट आहे, पाणी २२० फुटांवर जाते. मोठा कॉम्प्रेसर घेतला तर चालेल काय?
उत्तर : भाऊ, कॉम्प्रेसर मोठा केल्याने पाणी खोल होत नाही. तुमची नळी पाण्याखाली फक्त ८० फूट राहील, म्हणजे २७ टक्क्यांच्या आत. हवा जाईल, पाणी येणार नाही. कमी उपशाची लहान सबमर्सिबल आणि ती कोरडी पडल्यास बंद करणारे उपकरण घ्या.

प्रश्न : गॅरेजमधला जुना कॉम्प्रेसर स्वस्तात मिळतो. तो लावू काय?
उत्तर : चाकात हवा भरणारा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी असतो. तासन्‌तास चालवला तर तापून बिघडतो. टाकी आतून गंजलेली असेल तर धोका वेगळाच. सलग चालण्यासाठी बनवलेलाच घ्यावा.

प्रश्न : बचत गटाच्या बायकांनी भाजीसाठी मिळून एक संच घेतला तर?
उत्तर : ताई, ही कल्पना उत्तम आहे. कॉम्प्रेसर चाकांवर ठेवता येतो. प्रत्येक बोअरमध्ये नळ्या कायम सोडून ठेवायच्या आणि पाळीप्रमाणे कॉम्प्रेसर फिरवायचा. सबमर्सिबलची अशी पाळी लावता येत नाही. पाळीची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा.

शेवटी

बंधूंनो, नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या धानात दोन-चार वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या आणि त्यातून एचएमटी धान निघाला. त्यांच्याजवळ यंत्र नव्हते, पाहण्याची आणि नोंद ठेवण्याची सवय होती. पाण्याच्या बाबतीतही तेच करायचे आहे. एक ड्रम, एक घड्याळ, एक दोरी आणि एक वही घेऊन या उन्हाळ्यात आपली बोअर, विहीर आणि डोह मोजा. बोअर उपसताना पाणी कितीवर थांबते, तासाला किती येते, मेमध्ये किती उरते, हे तीन आकडे घेऊन कृषी विज्ञान केंद्रात या. कोणता पंप घ्यावा हे मग दहा मिनिटांत सांगता येईल. आणि पुष्कळदा उत्तर असे निघेल की नवा पंप नकोच, आहे त्या बोअरचा गाळ काढा आणि बांधीशेजारची बोडी खोल करा.